समुद्रांतील नदीचें माप

भूगोलाच्या नकाशासंग्रहांत महासागरांच्या निळ्या पृष्ठावर तांबडे व निळे बाण काढलेले असतात. तांबडा बाण म्हणजे उष्ण प्रवाह आणि निळा बाण म्हणजे थंड प्रवाह, हें खालच्या इयत्तेंतील विद्यार्थीहि सांगूं शकतो. परीक्षेंत प्रवाहांचीं नांवें विचारलीं, तीं लिहिलीं आणि गुण पदरांत पडले, म्हणजे त्या बाणांचें काम संपलें असें बहुतेकांस वाटतें. परंतु एखाद्या चौकस मुलानें, "या बाणांतून पाणी तरी किती वाहतें, आणि तें मोजलें कोणीं व कसें?" असें विचारलें, तर या प्रश्नासाठीं मोठमोठ्या पंडितांस दोनशें वर्षांहून अधिक काळ खपावें लागलें आहे, आणि मिळालेलें उत्तर पुन्हां पुन्हां तपासून पाहावें लागलें आहे. तीच हकीगत शक्य तितक्या सोप्या रीतीनें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम नकाशाकडे नीट पाहावें. उत्तर अटलांटिक महासागरांत अमेरिकेच्या किनाऱ्याजवळून वाहणारा गल्फ स्ट्रीम अथवा आखाती प्रवाह, पॅसिफिक महासागरांत जपानजवळचा कुरोशिओ, हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगतचा अगुल्हास, हे सारे अरुंद, खोल व वेगवान प्रवाह आपापल्या महासागराच्या पश्चिम कडेस आहेत. पूर्व कडेचे प्रवाह बहुधा रुंद व संथ असतात. किनारा देशाचा पूर्वेकडील असला, तरी महासागराची ती पश्चिम बाजू होय, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. आपल्या अरबी समुद्राची गोष्टहि तशीच आहे. कोंकणचा किनारा ही त्याची पूर्व कड. जोरदार प्रवाह आहे तो पलीकडे, सोमालियाच्या किनाऱ्याला. नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले म्हणजे तो ईशान्येकडे धांव घेतो, आणि हिवाळ्यांत वारे फिरले कीं तोहि उलट फिरतो.

आतां मोजणीकडे वळूं. पावसाळा सरल्यावर वडील माणसांस बरोबर घेऊन एखाद्या ओढ्याच्या कांठीं जावें. सरळ व सारख्या रुंदीचा भाग निवडून दहा मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकाव्या. वरच्या खुंटीपाशीं पाण्यांत एक पान सोडून, तें खालच्या खुंटीपाशीं पोंचण्यास किती सेकंद लागतात तें घड्याळांत पाहावें. समजा, २० सेकंद लागले. तर पाण्याचा वेग दर सेकंदास अर्धा मीटर झाला. ओढा ४ मीटर रुंद व अर्धा मीटर खोल असला, तर तिन्हींचा गुणाकार करून दर सेकंदास १ घनमीटर, म्हणजे १००० लिटर पाणी वाहतें असें निघेल. रुंदी, खोली आणि वेग, एवढेंच काय तें गणित. महासागरांतील प्रवाहाचें मापहि याच तीन गोष्टींचें असतें. त्यांत चौथी कोणतीहि गुप्त विद्या नाहीं. अडचण येते ती ही कीं, ओढ्याला मातीचे कांठ असतात, समुद्रांतील नदीचे कांठ मात्र पाण्याचेच. ओढ्याचा तळ काठीनें चांचपतां येतो, तिचा तळ शेंकडों वाव खालीं. आणि पान हें केवळ वरच्या पाण्याचा वेग सांगतें. ओढ्यांतहि तळालगतचें पाणी हळू चालतें. तेव्हां आपलें वरचें उत्तर थोडें अधिकच आलें असलें पाहिजे.

ही समुद्रांतील नदी युरोपीय खलाशांच्या ध्यानांत आली ती तिच्या वेगामुळें. इ. स. १५१३ सालीं स्पेनचा पोन्से द लेऑन फ्लॉरिडाच्या किनाऱ्यानें दक्षिणेकडे चालला होता. वारा अनुकूल असूनहि आपलीं जहाजें पुढें न जातां मागें रेटलीं जात आहेत असें त्यास आढळून आलें. पुढें अठराव्या शतकांत अमेरिकेंतील इंग्रजी वसाहतींच्या टपालखात्याची व्यवस्था बेंजामिन फ्रँक्लिन यांच्याकडे असतां, इंग्लंडहून येणाऱ्या टपालाच्या जहाजांस व्यापारी जहाजांपेक्षां पंधरवडाभर अधिक कां लागावा, असा प्रश्न निघाला. फ्रँक्लिननीं तो आपले नातलग कप्तान टिमथी फोल्जर यांस विचारला. फोल्जर हे नँटकेट बेटाचे रहिवासी व देवमाशांच्या शिकारीचे माहीतगार. देवमासे प्रवाहाच्या कडेला आढळत, प्रवाहांत आढळत नसत. त्यामुळें शिकाऱ्यांस त्याच्या दोन्ही कडा पाठ होत्या. टपालाचीं जहाजें नेमकीं प्रवाहाच्या तोंडावर येत, आणि साध्या शिकारी माणसांचा सल्ला त्यांचे कप्तान जुमानीत नसत. फोल्जरांनीं आंखून दिलेल्या रेघांवरून फ्रँक्लिननीं १७६९-७० च्या सुमारास प्रवाहाचा नकाशा छापविला, आणि पुढें आपल्या समुद्रप्रवासांत पाण्यांत उष्णतामापक बुडवून प्रवाहाची कड ओळखण्याची रीतहि काढली. त्याच सुमारास, बंगालच्या पाहणीमुळें प्रसिद्धीस आलेले जेम्स रेनेल यांनीं हिंदुस्थान सोडून परत जातां आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाजवळील प्रवाहाकडे लक्ष दिलें व १७७८ सालीं त्याचा नकाशा प्रसिद्ध केला.

परंतु या नकाशांत प्रवाहाची दिशा व वरचा वेग एवढेंच होतें. खालचें पाणी कसें चालतें, हें पाहण्याचें जिकिरीचें काम अमेरिकेच्या आरमारांतील अधिकारी जॉन पिल्सबरी यांनीं केलें. १८८५ ते १८८९ या वर्षांत त्यांनीं 'ब्लेक' नांवाचें जहाज फ्लॉरिडाच्या सामुद्रधुनींत व आसपास भर प्रवाहांत नांगरून ठेवलें, आणि स्वतः तयार केलेलें वेगमापक यंत्र निरनिराळ्या खोलीवर सोडून पाण्याचा वेग टिपला. खवळलेल्या प्रवाहांत, खोल पाण्यांत, एका दोरावर जहाज धरून ठेवणें म्हणजे काय, याची कल्पना नावाड्यांच्या मुलांस सहज येईल.

प्रत्येक ठिकाणीं असा नांगर टाकणें शक्य नव्हतें. म्हणून दुसरी युक्ति निघाली, आणि ती पृथ्वीच्या भ्रमणावर आधारलेली आहे. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें उत्तर गोलार्धांत वाहतें पाणी आपल्या उजवीकडे वळूं पाहतें. त्यामुळें प्रवाहाच्या उजव्या बाजूस पाण्याचा फुगवटा येतो, आणि तें पाणी उताराच्या ओढीनें डावीकडे परत येऊं पाहतें. हे दोन्ही जोर तुल्यबळ झाले कीं पाणी ना उजवीकडे वळत, ना डावीकडे घसरत. तें सरळ पुढें वाहतें. अर्थात् उतार जितका अधिक, तितका प्रवाहाचा वेग अधिक. गल्फ स्ट्रीमच्या उजव्या अंगाचा समुद्र डाव्या अंगापेक्षां सुमारे एक मीटर उंच असतो. शंभर किलोमीटरांत एक मीटर हा चढ जहाजावरील खलाशास दिसावयाचा नाहीं. पण १९९२ पासून कृत्रिम उपग्रह आकाशांतून रडारच्या साह्यानें समुद्राची उंची मोजीत आले आहेत, त्यांस तो दिसतो.

समुद्राच्या पोटांत याहून मोठा उतार आहे. ऊन, हलकें पाणी एका बाजूस आणि थंड, जड पाणी दुसऱ्या बाजूस असल्यामुळें सारख्या उष्णतेचे थर प्रवाहाच्या रुंदीइतक्या अंतरांत शेंकडों मीटर खालीं-वर झालेले असतात. जहाजावरून उष्णता व खारेपणा मोजीत गेलें कीं पाण्याची घनता कळते, आणि घनतेच्या उतारावरून खोलीबरोबर वेग कसा बदलतो तें गणितानें काढतां येतें. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग व्यूस्ट यांनीं १९२४ सालीं ही रीत फ्लॉरिडाच्या सामुद्रधुनीस लावून, आलेलें उत्तर पिल्सबरींच्या प्रत्यक्ष मोजणीशीं ताडून पाहिलें. दोन्हीं चांगलीं जुळलीं. तरी या रीतींत एक उणीव राहते. घनतेवरून दोन थरांच्या वेगांतील फरक कळतो; मूळ वेग कळत नाहीं. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, पण जिना कोणत्या मजल्यापासून सुरू झाला तें ठाऊक नसलें, तर आपण किती उंचावर आहों हें सांगतां येत नाहीं. तसेंच हें आहे. निदान एका खोलीवरचा वेग दुसऱ्या मार्गानें ठाऊक असावा लागतो.

उघड्या समुद्रांत आणखी एक प्रश्न उभा राहतो: प्रवाह संपला कोठें म्हणावें? फ्लॉरिडाच्या सामुद्रधुनीला दोन्ही बाजूंस जमीन आहे. तेथें शंका नाहीं. पण तेथून बाहेर पडल्यावर गल्फ स्ट्रीम शेजारचें पाणी आपल्यांत ओढून घेत जातो, आणि उत्तर अटलांटिकांत आंत शिरल्यावर त्याचें माप मूळच्या चौपट-पांचपट भरतें. त्याच्या अंगाला उलट वाहणारें पाणीहि असतें. तें वजा करावें कीं न करावें? या प्रश्नाचें महत्त्व अगुल्हासच्या मोजणींत चांगलें दिसून आलें. २०१० ते २०१३ या काळांत दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून आडव्या रांगेनें तळाशीं नांगरलेल्या उभ्या तारा लावून, त्यांवर निरनिराळ्या खोलीचीं वेगमापक यंत्रें बसविलीं होतीं. मायामी विद्यापीठाच्या लिसा बील यांच्या मंडळीनें त्यांवरून काढलेला हिशेब असा: ठराविक रुंदीच्या पट्ट्यांतील जाणारें-येणारें पाणी मिळून दर सेकंदास ७७ दशलक्ष घनमीटर, आणि केवळ प्रवाहाच्या दिशेनें जाणारें पाणी धरलें तर ८४ दशलक्ष. दोन्हीं उत्तरें बरोबर आहेत. कारण दोन्हीं निराळ्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत. पुढें उपग्रहांच्या नोंदी या मोजणीशीं जोडून पाहतां, १९९० नंतरच्या दशकांत अगुल्हास अधिक जोरदार झालेला नसून अधिक रुंद झाला आहे, असें २०१६ सालीं त्यांनीं दाखवून दिलें. केवळ वरच्या वेगाकडे पाहणाऱ्यास किंवा केवळ एकूण पाण्याकडे पाहणाऱ्यास हें उमगलें नसतें. प्रवाहाचें माप आणि प्रवाहाची घडण हीं दोन्हीं बरोबरच पाहावीं लागतात, तीं यासाठीं.

हे प्रवाह पश्चिमेसच कां दाटतात, याचें उत्तर मिळण्यास विसावें शतक अर्धें सरावें लागलें. १९४७ सालीं नॉर्वेचे हाराल्ड स्वेर्ड्रुप यांनीं, महासागराच्या मध्यभागीं वारा किती पाणी सरकवितो याचा हिशेब केवळ वाऱ्याच्या नोंदींवरून मांडून दाखविला. उत्तर अटलांटिकांत हें पाणी रुंद पट्ट्यानें सावकाश दक्षिणेकडे सरकतें. एकीकडून गेलेलें पाणी कोठून तरी परत आलें पाहिजे. जमाखर्च जुळलाच पाहिजे. तें कोठून येतें, हें पुढच्याच वर्षीं अमेरिकेच्या हेन्री स्टोमेल यांनीं सांगितलें. पृथ्वीच्या भ्रमणाचा परिणाम सगळीकडे सारखाच धरून त्यांनीं गणित केलें, तेव्हां महासागरांतील भोंवरा दोन्ही बाजूंस सारखाच आला. पण तो परिणाम वास्तविक विषुववृत्तावर शून्य असून ध्रुवाकडे वाढत जातो; ही एवढी गोष्ट गणितांत घालतांच परतीचें सारें पाणी पश्चिम कडेच्या अरुंद पट्ट्यांत एकवटलें. प्रवाहांचें माप सांगण्यासाठीं जें परिमाण वापरतात त्यास स्वेर्ड्रुप यांचेंच नांव आहे: १ स्वेर्ड्रुप म्हणजे दर सेकंदास १० लाख घनमीटर. आपल्या वरच्या उदाहरणांतील ओढ्यासारखे दहा लाख ओढे एकत्र आले, म्हणजे एक स्वेर्ड्रुप होतो.

आतां पुन्हां फ्लॉरिडाकडे येऊं. कारण जगांत याहून अधिक बारकाईनें व अधिक काळ मोजला गेलेला असा दुसरा प्रवाह क्वचितच सांपडेल. सामुद्रधुनी सुमारे ८० किलोमीटर रुंद आणि सुमारे ८०० मीटरपर्यंत खोल आहे. १९६५ सालीं रिचर्डसन व श्मिट्झ या दोघांनीं तेथें वापरण्याजोगी एक सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. जहाजावरून वजन बांधलेलें एक यंत्र पाण्यांत सोडावयाचें. तें बुडत बुडत तळाशीं जातें, तेथें वजन सुटून पडतें, आणि हलकें झालेलें यंत्र पुन्हां वर येतें. जातांना व येतांना प्रत्येक थरानें त्याला आपल्या वेगाप्रमाणें ढकललेलें असतें. म्हणून सोडल्या जागेपासून तें किती दूर वर आलें त्या अंतराला लागलेल्या वेळानें भागलें, कीं वरपासून तळापर्यंतच्या पाण्याचा सरासरी वेग मिळतो. आपल्या ओढ्यांतील पान वरच्या वेगाचेंच उत्तर देत होतें; हें पान तळापर्यंत जाऊन येतें, एवढाच फरक! सामुद्रधुनीच्या एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत अनेक ठिकाणीं असें करून उत्तर निघालें तें सुमारे ३२ स्वेर्ड्रुप. ॲमेझॉन ही जगांतील सर्वांत मोठी नदी. तिच्या सुमारे दीडशेंपट हें पाणी झालें. पृथ्वीवरील सर्व नद्या एकत्र केल्या, तरी त्यांचें पाणी याच्या पंचविसाव्या हिश्शाच्या आसपासच भरेल.

जहाज मात्र रोज जाऊं शकत नाहीं, आणि प्रवाह तर दिवसागणिक कमीअधिक होतो. येथें मायकेल फॅरडे यांची जुनी कल्पना कामास आली. धातूची तार लोहचुंबकाजवळून हलविली असतां तिच्यांत वीज उत्पन्न होते, हें आपण पदार्थविज्ञानांत शिकतों. खाऱ्या पाण्यांतूनहि वीज वाहते, आणि पृथ्वी स्वतः एक प्रचंड चुंबक आहे. मग वाहत्या पाण्यांत वीज कां उत्पन्न होऊं नये? १८३२ सालीं फॅरडेंनीं लंडनच्या वॉटर्लू पुलावरून टेम्स नदींत तांब्याचे पत्रे सोडून ही वीज मोजण्याचा प्रयत्न केला. तो साधला नाहीं. पण कल्पना खरी होती. फ्लॉरिडा व बहामा बेटें यांच्यामध्यें समुद्रतळावर टेलिफोनसाठीं तारा टाकलेल्या होत्या. १९८२ पासून अशा तारेच्या टोंकांमधील विद्युद्दाब मोजून, तिच्यावरून वाहणाऱ्या साऱ्या पाण्याचें एकत्रित माप रोजच्या रोज काढण्यास आरंभ झाला. सारा प्रवाह एका तारेनें मोजावयाचा, आणि त्या तारेची अधूनमधून जहाजावरील यंत्रानें पारख करावयाची, अशी ही जोडी आहे.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें पालकांपैकीं कोणी विचारतील. त्याचें उत्तर असें. २००४ पासून २६½ अंश उत्तर अक्षांशावर अटलांटिक महासागर आरपार मोजला जात आहे. फ्लॉरिडाजवळून उत्तरेस गेलेल्या ३२ पैकीं सुमारे निम्मे पाणी वरच्यावरच दक्षिणेस परततें. पण बाकीचें, वाऱ्यानें सरकविलेलें धरून सुमारे १७ स्वेर्ड्रुप, दूर उत्तरेस जाऊन आपली उष्णता हवेस देतें, थंड व जड होऊन खोल बुडतें आणि समुद्राच्या तळाकडून परत येतें. पश्चिम युरोपाच्या सौम्य हवेस या उष्णतेचा मोठा हातभार आहे. पृथ्वीची हवा तापत चालल्यामुळें हें अभिसरण मंदावेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. शिवाय प्रवाह मंदावला कीं वर सांगितलेला पाण्याचा उतार कमी होतो, आणि अमेरिकेच्या किनाऱ्यालगतचें पाणी चढतें. सखल गांवांच्या दारांत समुद्र येतो. तेव्हां, हा प्रवाह खरोखरच कमी होत आहे काय, या प्रश्नावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे.

२०२३ सालीं दोन शास्त्रज्ञांनीं तारेच्या, जहाजांच्या व उपग्रहांच्या नोंदी एकत्र करून, गेल्या चाळीस वर्षांत हा प्रवाह सुमारे ४ टक्क्यांनीं घटला आहे असें अनुमान प्रसिद्ध केलें. गणित काळजीपूर्वक केलेलें होतें. पण पुढच्याच वर्षीं, ज्या मंडळीकडे या नोंदी ठेवण्याचें काम होतें, तिनें नोंदी पुन्हां उघडल्या. तारेंतील वीज दोन गोष्टींवर अवलंबून असते: पाण्याचा वेग आणि पृथ्वीचें चुंबकत्व. पृथ्वीचें चुंबकत्व मात्र स्थिर नाहीं. या चाळीस वर्षांत त्या प्रदेशांत तें हळूहळू क्षीण होत होतें. चुंबकत्व क्षीण झालें म्हणजे तेवढ्याच पाण्यापासून वीज कमी मिळते, आणि वीज कमी मिळाली म्हणजे पाणीच कमी झालें असा भास होतो. हा फरक हिशेबांत धरून नोंदी दुरुस्त केल्या, तेव्हां दिसलेली बहुतेक घट नाहींशी झाली, आणि चार दशकें प्रवाह जवळजवळ स्थिर राहिला आहे असें ठरलें. प्रवाहाचा म्हणून जो फरक मोजला गेला, तो बराचसा मापाचा फरक होता.

यावरून अभिसरण कधींच मंदावणार नाहीं असें कोणीं समजूं नये; किंवा आधींच्या शास्त्रज्ञांनीं हलगर्जीपणा केला असेंहि समजूं नये. त्यांनीं आपलें गणित उघडें मांडलें, म्हणूनच दुसऱ्यांस तें तपासतां आलें. इतक्या मोठ्या प्रवाहांत दोन-चार टक्क्यांचा फरक ओळखावयाचा, तर तराजूचीहि वर्षानुवर्षें पारख करावी लागते. दुकानदार माल तोलण्यापूर्वीं दोन्हीं पारडीं रिकामीं उचलून पाहतो, तें उगाच नव्हे.

आमच्या विद्यार्थ्यांनीं सुटींत ओढ्याची मोजणी अवश्य करावी, आणि एकदां करून थांबूं नये. पान एकदां मध्यभागीं, एकदां डाव्या व एकदां उजव्या कांठाजवळ सोडावें. काठीनें चार ठिकाणची खोली घ्यावी. भावानें धरलेलें घड्याळ आणि आपलें घड्याळ जुळतें कीं नाहीं तेंहि पाहावें. मग तीन निरनिराळीं उत्तरें येतील. त्यांतील सोयीचें उत्तर तेवढें न ठेवतां तिन्हीं उत्तरें वहींत लिहून, तीं निराळीं कां आलीं याचा शोध घ्यावा. सुटी संपल्यावर अशा वह्या जे कोणी आम्हांस आणून दाखवितील, त्या वर्गांत वाचून पाहण्यास आम्हांस फार आनंद वाटेल.